निळ्या रंगाखालचा बोल्ट

माझ्या दुकानात धक्का मारत आणलेली गाडी कधी आली नाही. माझ्याकडची गाडी ऐटीत येते. इंजिन ठणठणीत, ब्रेक लागतात, एसी गार हवा देतो. मालकाचं तोंड तेवढं एरंडेल प्यायल्यासारखं असतं. खाली उतरून तो आधी इकडेतिकडे बघतो आणि दवाखान्यात अवघड जागेचं दुखणं सांगावं तसा हळूच म्हणतो, "मिस्त्री, टेप लावला की आतून शिट्टी येती बगा." कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, आता मोबाइल बिनवायरीचा गाडीला जोडतात, तरी आमच्याकडे त्या डब्याला टेपच म्हणतात. आणि शिट्टीही तीच आहे.

वडवणीत बसस्टँडच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर 'कार टेप, स्पीकर, अँप्लिफायर फिटिंग' असं लिहिलंय, पण गावात ती पाटी कुणी वाचत नाही. "खरखरवाल्याकडं ने" एवढं सांगितलं की गाडी बरोबर दारात येते. सुरुवातीला या नावाचा मला फार राग यायचा. मग मुलीच्या सोयरिकीला पाहुणे आले. त्यांनी चौकात 'अंकुशरावांचं घर' विचारलं तर कुणालाच सांगता येईना. शेवटी एकाने डोकं खाजवत म्हटलं, "खरखरवाला व्हय?" आणि चार जण दाखवायला घरापर्यंत आले. सोयरीक जमली. त्या दिवसापासून मी त्या नावाशी भांडण सोडलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आवाजाचं काम म्हणजे काहीतरी मोठं गूढ शास्त्र. तसं काही नाही. बॅटरीपासून टेपला, दिव्याला, हॉर्नला वायर जाते, ती झाली करंटची जायची वाट. परत यायची वाट मात्र गाडीचा पत्राच असतो. जागोजागी पत्र्याला बोल्टाखाली वायर आवळलेली असते, तिला आम्ही आर्थिंग म्हणतो. ही परतीची वाट स्वच्छ असली की सगळं गुपचूप चालतं. बोल्ट गंजला, ढिला झाला किंवा मध्ये काही आलं की करंट अडतो, दुसरी वाट शोधतो, आणि मेला नेमका आवाजाच्या नाजूक वायरीतून घुसतो. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं एक यंत्र फिरत असतं, अल्टरनेटर. मग त्याची गुणगुण गाण्यात ऐकू यायला लागते. ॲक्सिलेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. अशी चढ-उतार दिसली की मी पुढचं काही न विचारता पाना घेऊन आर्थिंगकडे वळतो.

एकसारखी 'घूं' आली तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा कुणीतरी करंटची जाड वायर आणि आवाजाची बारीक वायर एकाच जुडीत बांधलेली असते. दोघींना वेगळ्या बाजूने नेलं की भांडण मिटतं. तरी शोधायची रीत सगळ्यांना एकच. एकेक वस्तू बाजूला करायची आणि ऐकायचं. इंजिन बंद करून ऐकायचं, मोबाइलचा चार्जर उपसून ऐकायचं, माइक काढून ऐकायचं. घाई असलेल्या माणसाने या धंद्यात पडू नये. हे मी इतरांना सांगतो, आणि सांगताना मला स्वतःची एक घाई आठवते. तिच्याकडे येतोच.

त्याआधी एक मजा सांगतो. ऊसतोडीला निघायच्या आधी ट्रॅक्टरवाले माझ्याकडे रांग लावतात. कारखान्याचं अंतर लांब, मागे दोन ट्रॉल्या, आणि गाण्याशिवाय ट्रॅक्टर चालवणं त्यांना बेचव जेवण वाटतं. साध्या फोनच्या काळात तेलगावकडचा एक ड्रायव्हर आला. त्याच्या टेपमधून मध्येच 'टिकटिक टिर्रर्र' यायचं. मी बघितलं तर फोन अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेला. फोन वाजायच्या आधी त्याच्या लहरी आत शिरायच्या. मी त्याला फोनसाठी लांब, गिअरच्या दांड्याशेजारी कप्पा करून दिला. आवाज बंद. चार दिवसांनी स्वारी परत हजर.

"मिस्त्री, ते टिर्रर्र परत टाका."

मी म्हटलं, "काय बे, डोकं फिरलं का?"

"तसं न्हाई. इंजनाच्या आवाजात फोनची घंटी ऐकूच येत न्हाई. पर ते टिर्रर्र भोंग्यातून यायचं, मंग कळायचं की घरून फोन आलाय. आता बायको म्हनती, तुमी मुद्दाम उचलत न्हाईत."

मी फोन पुन्हा अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवला. आयुष्यात बिघाड परत बसवून दिलेलं ते एकच काम. संसार सुरळीत राहिला म्हणून तो जाताना मला ऊस देऊन गेला.

आता नारळाचं सांगायलाच हवं, कारण माझा सगळा तोरा या नारळावर उभा होता. आमच्या भागात खंडेनवमीला गाड्यांची पूजा करतात. गाडी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात, इथपर्यंत ठीक. पण भाविक माणसाला एवढ्यावर चैन पडत नाही. तो बॉनेट उघडतो, बॅटरीला हळद-कुंकू लावतो आणि नारळाचं पाणी इंजिनावर चांगलं ओंजळभर शिंपडतो. त्यातले चार थेंब बॅटरीजवळच्या आर्थिंगच्या बोल्टात मुरतात. महिनाभरात तिथे हिरवट पांढरा बुरा येतो आणि शिट्टी सुरू. म्हणून दिवाळीनंतरचे दोन महिने हा माझा सुगीचा काळ.

लिंबागणेशच्या बाजूचे एक बागायतदार होते. नवी कोरी पांढरी गाडी गणपतीला नेऊन आणली आणि पुढल्या महिन्यात शिट्टी. माणूस हौशी आणि तापट. बीडला जाऊन त्यांनी टेप बदलला. शिट्टी तशीच. मोठ्या शहरात जाऊन दुसरा टेप बसवला, स्पीकर बदलले. शिट्टी हटेना. शेवटी कुणीतरी खरखरवाल्याचं नाव सांगितलं. मी बॉनेट उघडलं, हळद खरवडली, बोल्ट सोडवून पॉलिश पेपरने घासला, व्हॅसलीन लावून परत आवळला. शिट्टी गेली. साहेब बघतच राहिले.

"एवढंच?"

"एवढंच. पुढल्या साली नारळ दोन हात लांब फोडा. देवाला पोचतो."

ही गोष्ट त्यांनीच गावोगाव सांगितली. माझी कॉलर ताठ झाली ती झालीच. मग मला सवयच लागली. चढती-उतरती शिट्टी असलेली गाडी दारात आली की मी जागेवरूनच विचारायचो, "नारळ कुठं फोडला?" समोरचा माणूस चमकायचा. दहातल्या नऊ वेळा मी बरोबर असायचो, आणि तेवढ्यावर माझं दुकान देवस्थानासारखं चालत होतं.

अशाच तोऱ्यात मी बसलो होतो तेव्हा प्रमिलाताईंची जीप आली.

जुनी जीप, टपावर दोन भोंगे, मागच्या बाजूला बॉडीला पक्की केलेली लोखंडी काठी आणि काठीवर निळा झेंडा. ताईंचे मालक मिलिंदभाऊ गाडी चालवत होते. ताई गाणाऱ्या. त्यांची गायन पार्टी जयंतीला मिरवणुकीपुढे जीपमध्ये बसून गाते, एरवी लग्नाकार्यात, पौर्णिमेला कार्यक्रम करते. त्यांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, तीस-एक वर्षं या भागात गात होते. पांढरा फेटा, एक हात कानाला, आणि आवाज असा की माइक नसला तरी वेशीपर्यंत जाईल. आबा दोन वर्षांपूर्वी गेले आणि पार्टी ताईंच्या गळ्यावर आली.

मिलिंदभाऊंनी इंजिन चालू केलं, ताईंनी माइक हातात घेतला. भोंग्यातून शिट्टी आली. ॲक्सिलेटर दाबला, चढली. सोडला, उतरली. मी खुर्चीतून न उठता म्हटलं, "नारळ कुठं फोडला?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ताईंना हसू आलं.

"आमच्यात नारळ फोडत न्हाईत, दादा."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. बौद्ध माणसाच्या गाडीसमोर बसून मी नारळ विचारत होतो. खुर्ची सोडून उठलो, बॉनेट उघडलं. बॅटरीजवळचा बोल्ट आरशासारखा स्वच्छ. माझी वर्षानुवर्षांची हुशारी तिथेच संपली, आणि आता खरोखर शोधायची वेळ आली.

"कधीपासून हाय?" मी विचारलं.

"आबा गेले त्या सालापासून," ताई म्हणाल्या. "दर साली जयंतीच्या तोंडावरच येती. जयंती झाली की दोन-तीन महिन्यांत आपोआप कमी होती. मिस्त्रीला दाखवायला न्यावं तर तवा येतच न्हाई. दोगांनी बघितली, एकानं अँप बदलला. फरक न्हाई."

मग त्या माइकची वायर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "लोकांला शिट्टी कळत न्हाई, दादा. त्यांला वाटतं मीच बेसूर गाते. चढ आला की ह्यांना गाडी रेटावी लागती, शिट्टी वर जाती, आन् मला बी कळत न्हाई, माझा सूर तिच्या मागं वर जातो. पेटीवाला माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हातो. मागल्या साली एक म्हातारा समोर म्हनला, आबाचा गळा आबाबरुबरच गेला. आता जयंती कमिटीचे अध्यक्ष म्हनले, ताई, यंदा बरं झालं तर ठीक, न्हाईतर पुढल्या सालपासून डीजे सांगतो. पोरं ऐकत न्हाईत."

जयंतीला सहा दिवस होते. मिलिंदभाऊ दुसरीकडे बघत उभे होते.

मी कामाला लागलो. माइक काढला, शिट्टी होती. गाण्याचा मोबाइल काढला, होती. आवाजाची बटणं असलेला मिक्सर डॅशबोर्डमधून करंट घेत होता, तो उपसला तर शिट्टी एकदम गेली. म्हणजे मिक्सर आणि अँप्लिफायर या दोघांच्या परतीच्या वाटा वेगळ्या होत्या आणि त्यातली एक अडली होती. मिक्सरची ठीक होती. अँप्लिफायरच्या काळ्या वायरीवर बोट ठेवून मागे मागे गेलो. ती मागच्या सीटखालून निघाली आणि थेट झेंड्याच्या काठीच्या बुडाशी, तिला धरून ठेवणाऱ्या जाड बोल्टाखाली गेली.

"भाऊ, ही काठी बघावी लागंल," मी म्हणालो.

मिलिंदभाऊंचा चेहरा बदलला. ताई चटकन म्हणाल्या, "काठी आबाच्या हातची हाय. परक्या हातानं ती हलायची न्हाई. शिट्टी काढा."

"काठी काढत न्हाई, ताई. खालचा बोल्ट तेवढा ढिला करतो. काठी भाऊंनी धरावी."

मिलिंदभाऊंनी काठी दोन्ही हातांनी धरली. मी आडवा होऊन खाली शिरलो आणि बोल्ट सोडवला. वॉशरखाली निळा रंग होता. चांगला जाड, नवा, चिकट. पत्र्यावरही निळा, वायरीच्या टोकावरही निळा.

"रंग कधी दिला?"

"परवा," वरून मिलिंदभाऊ म्हणाले. "दर साली जयंतीच्या आधी काठी सोडून बुडापासून रंगवतो आन् परत बसवतो. कावून?"

दर साली ताजा रंग बोल्टाखाली जायचा आणि करंटची वाट बंद व्हायची. मग खड्ड्याखड्ड्यांतून गाडी हादरून दोन-तीन महिन्यांत रंग झिजायचा, लोखंडाला लोखंड टेकायचं आणि शिट्टी कमी व्हायची. आम्ही नारळाच्या पाण्याने जे करतो, ते या घरात ब्रशने होत होतं. मला हसू येणार होतं. पण तेवढ्यात वायरीचं टोक माझ्या डोळ्यांसमोर आलं.

टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता आणि तो पांढऱ्या दोऱ्याने बांधला होता, तीन वेढे आणि वर आडवी गाठ. या भागात वायरीचं टोक असं बांधणारा एकच माणूस आहे. मी.

तिथेच आडवं पडल्या पडल्या मला सगळं आठवलं. आबांची शेवटची जयंती. तीच जीप, तीच काठी. आबा अँप्लिफायर बसवून घ्यायला आले होते. दुकानात त्या दिवशी पाच गाड्या उभ्या होत्या. काळी वायर पुढे बॅटरीपर्यंत न्यायची म्हणजे सीट काढणं आलं, मॅट उचलणं आलं, तासभराचं काम. मला समोर हा जाड बोल्ट दिसला. मी पत्रा तेवढा घासला आणि आबांना विचारलं, "इथंच घेतो आर्थिंग. चालंल ना?" आबा म्हणाले होते, "तुमचं काम तुमी जाणा, मिस्त्री." त्या वर्षी रंग आधीच देऊन झाला होता, त्यामुळे आवाज स्वच्छ गेला. आबा मोकळ्या गळ्याने गाऊन गेले. त्यांच्यानंतरच्या पहिल्याच वर्षी काठीला नवा रंग लागला आणि शिट्टी लेकीच्या वाट्याला आली.

मी गाडीखालून लवकर बाहेर आलो नाही.

बाहेर आल्यावर आधी पाना घेतला. सीट काढली, मॅट उचललं, नवी जाड काळी वायर थेट बॅटरीला नेली. जुनी कापून खिशात टाकली. बोल्ट परत आवळला. काठी जागची हलली नाही. मग म्हटलं, "गा ताई." मिलिंदभाऊंनी ॲक्सिलेटर दाबला, इंजिन गुरगुरलं. ताईंनी नुसता 'आ' लावला आणि वर नेला. भोंग्यातून फक्त तो 'आ' आला. समोरचा चहावाला गाळणी हातात धरून रस्त्यावर आला.

ताईंनी माइक खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हंजे माझा गळा न्हाई."

"न्हाई ताई. गळा कधीच खराब नव्हता."

"कुणी केलतं हे असं?"

मी म्हणालो, "कुणीतरी घाईत केलंय."

खोटं नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागतं. खिशातली वायर मांडीला टोचत होती आणि मी त्रयस्थ माणसाबद्दल बोलावं तसं बोललो.

जयंतीला दुपारी मिरवणूक वडवणीच्या रस्त्याने आली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. चढाला गाडी रेटली गेली आणि ताईंचा सूर होता तिथेच राहिला, तसूभर हलला नाही. पेटीवाला मान डोलवत होता. कमिटीचे अध्यक्ष घामाघूम होऊन पुढे चालत होते, त्यांनी वळून ताईंना हात जोडले. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात जीप माझ्या दुकानासमोर आली, ताईंनी गाणं थांबवलं आणि भोंग्यातून माझं नाव घेतलं. "ह्या दादांनी माझा आवाज मला परत दिला," असं म्हणाल्या. गर्दीने टाळ्या वाजवल्या. एवढ्या माणसांसमोर कौतुक व्हावं ही माझी जुनी हौस. त्या दिवशी पायरीवरून आत पळून जावंसं वाटलं.

आठ दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. जेवताना घास हातात राहायचा. शेवटी बायकोने विचारलं आणि मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांला सांगा."

मी ताईंच्या गावी गेलो. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मिलिंदभाऊ जीप पुसत होते. मी खिशातून ती कापलेली वायर काढून ताईंसमोर ठेवली, दोऱ्याची गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं. आबांना काय विचारलं होतं, आबा काय म्हणाले होते, तेसुद्धा.

त्यांनी सूप खाली ठेवलं. वायर उचलून गाठीवरून बोट फिरवलं.

"दोन वरीस मी मिठाच्या गुळण्या केल्या, दादा. बीडला गळ्याच्या डॉक्टरला दाखवलं. आबाच्या फोटोपुढं बसून माफी मागितली, की तुमचं नाव मला राखता येईना." आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "चुकी हुती मानसाची. ते सोडा. पर त्या दिशी मी इचारलं तवा कावून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"तुमाला लाज वाटली म्हणून गप बसलात. आन् मी भोंग्यातून तुमचं नाव घेतलं."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं आता निघावं. चपला घालत होतो तर मिलिंदभाऊ म्हणाले, "बसा. चहा ठेवला असंल तिनं." मी बसलो. खरंच चहा आला. कप हातात देताना ताई म्हणाल्या, "आता एक करायचं. दर साली काठीला रंग दिला की तुमी यायचं. तुमच्या हातानं बोल्ट बघायचा आन् माझ्यापुढं बसून ऐकायचं."

मी म्हटलं, "ताई, आता त्या बोल्टाचा आन् आवाजाचा काही संबंध राहिला न्हाई. वायर थेट बॅटरीला नेलीय."

"तरीबी यायचं."

याला आता बरीच वर्षं झाली. मी दर वर्षी जातो. रंग ओला असतो, मिलिंदभाऊ बोटं निळी करून बसलेले असतात. मी खाली शिरतो, ज्या बोल्टात बघण्यासारखं काही उरलेलं नाही तो बघतो, बॅटरीची दोन्ही टोकं आवळतो, आणि भोंग्यांसमोर स्टुलावर बसतो. मग इंजिन चालू होतं आणि ताई 'आ' लावतात. डीजेचा विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही. दुकानात मी 'नारळ कुठं फोडला' हे विचारणं त्या वर्षीच बंद केलं. आता आधी उठतो, बघतो, मग तोंड उघडतो. त्यामुळे काम थोडं उशिरा होतं आणि लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. एकूण बघता माझं बरं चाललंय. धंद्याने नाव दिलं, पोरीची सोयरीक जमवून दिली, आणि बाजूच्या गावात वर्षातून एकदा हक्काने बोलावणारं एक घर दिलं.

यंदा मात्र जाताना पाय जड होते. जयंतीच्या महिनाभर आधी मी कान तपासून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, वयाने बारीक, उंच आवाज गेलेत तुमचे. शिट्टी म्हणजे नेमका तोच आवाज. खरखरवाल्याला शिट्टी ऐकू येत नाही, हे मी दुकानात कुणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

ताई गाऊन थांबल्या. गाडी चालूच होती.

"हाय का शिट्टी, दादा?"

एकदा गप बसून बघितलं होतं. परत गप बसायची माझी तयारी नव्हती.

"ताई, मला ऐकू येत न्हाई. पर माझ्या कानाचा आता भरवसा न्हाई. डॉक्टरनं सांगितलं, बारीक आवाज गेलेत. शिट्टी असली तरी मला कळायची न्हाई."

ताईंनी माइक ठेवला. जीपमधून उतरल्या, माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसल्या आणि मिलिंदभाऊंना हाताने खूण केली. त्यांनी ॲक्सिलेटर दाबला, सोडला, परत दाबला. ताई डोळे मिटून, आबांसारखा एक हात कानाला लावून ऐकत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"न्हाई दादा," त्या म्हणाल्या. "काहीबी न्हाई. साफ हाय."

"नक्की?"

"मी ऐकलंय न्हवं," ताई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.